कळ, चिन्ह आणि अर्थ : एका जुन्या कळफलकाच्या निमित्ताने

मराठी शिकवणाऱ्या दोन माणसांनी दिवाळीच्या सुट्टीतल्या चार संध्याकाळी एक जुना, पिवळट पडलेला कळफलक आजच्या संगणकाला जोडण्यात खर्च कराव्यात, ही गोष्ट आमच्या सहकाऱ्यांना गमतीची वाटली. ‘चारशे रुपयांत नवा कीबोर्ड मिळतो’ हे वाक्य आम्ही त्या आठवड्यात इतक्यांकडून ऐकले की त्याचे उत्तर देणेही सोडून दिले. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबरच होते. परंतु या खटाटोपातून आमच्या हाती जे लागले ते कळफलकापुरते मर्यादित नाही. मराठीत संगणकावर लिहिण्याचा जो तीसेक वर्षांचा इतिहास आहे, त्यातील एका गंभीर नुकसानीकडे या निमित्ताने आमचे लक्ष गेले. त्या नुकसानीची जबाबदारी साहित्याच्या अभ्यासकांवरही येते, असे आमचे मत झाले आहे. ते येथे मांडतो.

प्रथम वस्तूविषयी. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी आम्हांला हा कळफलक दीडशे रुपयांना मिळाला. तो सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या वर्कस्टेशनचा, ‘टाइप ५’ या जातीचा. वर्कस्टेशन म्हणजे घरगुती संगणकाहून बलवान आणि महाग असा, संशोधनसंस्थांत व अभियांत्रिकी कचेऱ्यांत एकेका माणसाच्या मेजावर असणारा संगणक. सन ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिचे नाव ‘स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले, आणि तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. २०१० साली ओरॅकलने ती विकत घेतली. तिचे संगणक आता भंगाराच्या ढिगांत आणि छंदिष्टांच्या कपाटांत तेवढे सापडतात.

आमच्यापैकी एकाने २००३ साली, एम.ए. झाल्या झाल्या, एका संशोधनसंस्थेत शब्दसूची भरण्याचे काम केले होते, ते अशाच कळफलकावर. त्यामुळे बाजारात तो दिसताच हात पुढे झाला, हे कबूल केले पाहिजे. मात्र केवळ स्मरणरंजनासाठी आम्ही तो घेतला, असे कोणी म्हणू नये. स्पर्शाच्या दृष्टीने तो काही थोर नव्हे. कळांच्या खाली रबराच्या साध्या टोप्या आहेत. त्याचे वेगळेपण रचनेत आहे. डाव्या अंगाला अकरा जास्तीच्या कळा आहेत : स्टॉप, अगेन, प्रॉप्स, अंडू, फ्रंट, कॉपी, ओपन, पेस्ट, फाइंड, कट आणि हेल्प. आज आपण दोन कळा एकदम दाबून जी ‘कॉपी’ करतो, तिला येथे स्वतःचे घर आहे. आणखी एक कळ आहे ‘कम्पोज’ नावाची. ती दाबली की एक छोटा दिवा लागतो आणि पुढची दोन चिन्हे मिळून एक अक्षर होईपर्यंत तो तेवत राहतो. रोमन ‘ए’ आणि टोपीचे चिन्ह दिले की टोपीवाला ‘ए’ उमटतो. हलन्ताने क आणि ष जोडून क्ष करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कळ परकी वाटण्याचे कारण नाही.

कळफलकाची रचना ही केवळ सोयीची बाब आहे असे मानले जाते. इतिहास निराळे सांगतो. सनच्या संस्थापकांपैकीच एक बिल जॉय यांनी त्याआधी, १९७०च्या दशकात, बर्कली येथे ‘व्हीआय’ हा संपादक लिहिला. ते ज्या एडीएम-३ए या टर्मिनलवर काम करत होते, त्याच्या एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवरच बाणांची चिन्हे छापलेली होती. म्हणून त्या संपादकात कर्सर या चार अक्षरांनी हलतो. त्याच टर्मिनलवर ‘होम’ ही खूण आणि लाटेसारखे टिल्ड हे चिन्ह एका कळेवर होते, आणि युनिक्समध्ये वापरकर्त्याच्या घराची खूण टिल्ड झाली ती त्यावरून. ते टर्मिनल कधीच गेले. त्याच्या कळांवरची छपाई मात्र जगभरातल्या बोटांत आजही शिल्लक आहे. एखादा शब्द मूळ वस्तू नाहीशी झाल्यावरही भाषेत टिकून राहतो, तसेच हे आहे. मोट आणि नाडा पाहिलेली माणसे विरळ झाली, तरी हे शब्द भाषेत चालूच आहेत.

आता जोडणीकडे वळू. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने कळफलकाची वायर हातात घेऊन टोकाकडे पाहिले आणि म्हणाला, “सर, हे बसणार नाही. जुन्या कीबोर्डला सहा पिना असतात, ह्याला आठ आहेत.” खरेच होते. टोक दिसायला जुन्या कळफलकांसारखेच गोल, परंतु आतील बोलणे वेगळे. आजचा यूएसबी कळफलक ज्या पद्धतीने संगणकाशी बोलतो, ती याला ठाऊकच नाही. तेव्हा मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. तो दुभाषा म्हणजे बोटभर लांबीचे मायक्रोकंट्रोलरचे पटल. त्यात भरण्याची आज्ञावली मुक्तपणे उपलब्ध आहे. टीएमके आणि तिच्यापासून निघालेली क्यूएमके, या दोन्हींत सनच्या कळफलकांसाठी तयार परिवर्तक आहेत. वीज, जमीन आणि माहितीच्या दोन तारा जोडल्या की काम झाले, असे आम्हांला वाटले.

पहिल्या संध्याकाळी काहीच घडले नाही. भौतिकशास्त्र विभागातील प्रयोगशाळा सहायक मदतीला आले होते. त्यांनी आमचा कागद पाहिला आणि शांतपणे विचारले, “मॅडम, ही आकृती सॉकेटची आहे की प्लगची? समोरून बघायची की मागून?” आम्ही आरशातली प्रतिमा खरी मानून तारा जोडल्या होत्या. काही जळले नाही, हे नशीब. ग्रंथाची पाठपरंपरा तपासताना दोन हस्तलिखितांची दिशा उलटी लावावी, तसा हा प्रमाद होता. तो सर्वस्वी आमचाच.

दुसऱ्या संध्याकाळी कळफलक बोलू लागला, परंतु ते निरर्थक होते. त्याचे कारण कळले तेव्हा आम्ही दोघे थोडा वेळ गप्प बसलो. सनचा कळफलक सेकंदाला १२०० बिट या संथ गतीने बोलतो. प्रत्येक संकेताला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला १२० संकेत. माणसाच्या बोटांना एवढे पुष्कळ झाले. अडचण गतीची नव्हती. अशा प्रकारच्या जोडणीत सामान्यतः तार शांत असते तेव्हा तिच्यावरचा दाब उंच असतो. सनच्या कळफलकात नेमके उलटे आहे. तो गप्प असतो तेव्हा तार खालच्या पातळीवर असते. आमचा दुभाषा त्याच्या मौनालाच बोलणे समजत होता. आज्ञावलीत एक ओळ बदलली, मौनाची पातळी सांगितली, आणि पडद्यावर ‘ए’ उमटला.

यानंतरचा भाग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कळफलक अक्षर पाठवत नाही, तो जागेचा क्रमांक पाठवतो. सनच्या तक्त्यात ‘ए’च्या जागेचा क्रमांक ७७ आहे. कळ सोडली की त्यात १२८ मिळवून २०५ जातो, आणि सगळी बोटे उचलली की १२७ जातो. यूएसबीच्या तक्त्यात तीच जागा ४ आहे. अर्थ कुठेही नाही. एका बाजूला जागा आहे, दुसऱ्या बाजूला करार आहे. संगणकाने नाव विचारले असता हा ‘टाइप ५’ आपण ‘टाइप ४’ असल्याचे सांगतो. आधीच्या पिढीसाठी लिहिलेल्या आज्ञावलींना ओळख पटावी, म्हणून तो पूर्वजाच्या नावाने हजेरी देतो. अक्षरांची मांडणी कोणती, असा दुसरा प्रश्न विचारल्यावरच त्याची खरी पिढी उघड होते. आणि संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. संगणकाने २ हा आकडा पाठवला की कळफलकातली घंटी वाजू लागते, ३ पाठवला की थांबते. ही घंटी आम्ही रात्री अकरा वाजता वाजवली आणि शेजाऱ्यांचे बोलणे खाल्ले.

अक्षरांचे भाषांतर सोपे होते. खरी परीक्षा डावीकडच्या अकरा कळांनी घेतली. यूएसबीच्या तक्त्यात त्यांपैकी आठ कळांना त्यांच्याच नावाच्या जागा आहेत. उरल्या प्रॉप्स, फ्रंट आणि ओपन. त्यांना रूढीने मेन्यू, सिलेक्ट आणि एक्झिक्यूट यांचे क्रमांक देतात. गंमत अशी की लिनक्स हे तीन क्रमांक वाचून त्यांना पुन्हा प्रॉप्स, फ्रंट आणि ओपन असेच ओळखते. त्याच्या तक्त्यात सनच्या अकराही कळा १२८ ते १३८ या क्रमांकांवर, शेजारी शेजारी, ठाण मांडून बसल्या आहेत. मूळ घर मोडले तरी कुटुंब एकत्र राहिले.

परंतु ‘कॉपी’च्या कळेने काय पाठवावे? तिचा स्वतःचा क्रमांक पाठवला तर आमच्या विंडोजच्या संगणकावर काहीच होईना. कंट्रोल आणि सी ही जोडी पाठवली तर विंडोजमध्ये प्रत झाली. तीच जोडी युनिक्सच्या टर्मिनलमध्ये गेली की चालू असलेले काम बंद पाडते. म्हणजे एका संस्कृतीत जो शब्द ‘उतरवून घे’ असा आहे, तोच दुसरीत ‘थांब’ असा होतो. शब्दाला शब्द ठेवावा की परिणामाला परिणाम, हा प्रश्न आम्ही भाषांतरमीमांसेच्या तासाला दरवर्षी फळ्यावर मांडतो. तो येथे एका प्लास्टिकच्या कळेखाली होता. आम्ही दोन तक्ते केले, एक विंडोजसाठी आणि एक लिनक्ससाठी, आणि कोणता चालू आहे हे कळफलकाच्या पाठीवर चिठ्ठी लावून लिहिले. भाषांतरकाराची टीप म्हणतात ती हीच.

चौथ्या संध्याकाळी त्या कळफलकावर इनस्क्रिप्ट मांडणीने मराठी लिहिले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी ही मांडणी भारतीय मानक संस्थेच्या १९९१च्या मानकात आलेली आहे. काम फत्ते झाले, चहा झाला. आणि मग आमच्यापैकी दुसरीने जे विचारले, त्यावरून हा लेख लिहावा लागला : “परदेशातली बंद पडलेली कंपनी, तिचा तीस वर्षांपूर्वीचा कळफलक, आणि तो आपण चार संध्याकाळी बोलता केला. मग आपल्या ओव्या का वाचता येत नाहीत?”

ओव्यांची हकीकत अशी. २००१ ते २००६ या काळात आमच्या विभागाच्या विद्यार्थ्यांनी आसपासच्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. त्यांतील थोड्या विभागाच्या अंकात छापल्या गेल्या. उरलेल्या संगणकावर टंकलिखित करून ठेवल्या. वह्या कालांतराने रद्दीत गेल्या. फायली राहिल्या. त्या फायली आज उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा रखरखाट दिसतो. कारण त्या काळात प्रचलित असलेल्या एका फॉन्टमध्ये त्या लिहिल्या गेल्या, आणि तो फॉन्ट बनवणाऱ्याने कोणत्या क्रमांकावर कोणते चिन्ह ठेवले आहे, हे कधी कोणाला सांगितले नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी बहुतेक मराठी फॉन्टांची हीच रीत होती. देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, वेलांटी, अर्धी अक्षरे, रोमन अक्षरांच्या जागी बसवायचे आणि वाचकाच्या डोळ्यांना फसवायचे. छापून निघेपर्यंत ही फसवणूक कोणाला बोचत नव्हती. ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या, त्यांतील कित्येक आज हयात नाहीत.

आम्ही दोघांनी मग कळफलकाचाच धडा गिरवला. छापील अंक समोर ठेवला, त्याच मजकुराची फाइल शेजारी उघडली, आणि क्रमांकासमोर चिन्ह असा तक्ता करायला घेतला. दोन महिने लागले. येथेही चिन्हांपेक्षा क्रम अवघड निघाला. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. ‘सर्व’ लिहिताना जुन्या पद्धतीत आधी स, मग व, मग डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये र व-च्या आधी. टंकलेखकाची बोटे डोळ्यांच्या मागून जातात, युनिकोड उच्चाराच्या मागून जाते.

आणि एक ठिकाण तर असे होते की तेथे मराठी जाणणाऱ्यावाचून गत्यंतर नव्हते. एका तयार परिवर्तकातून आम्ही काही फायली काढून पाहिल्या. तो मुळात हिंदीसाठी बनवलेला असावा. त्याने ‘दऱ्या’चे सर्वत्र ‘दर्या’ केले. डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या बाईच्या ओवीत एकाएकी समुद्र आला! हिंदीला या दोन लेखनांतला भेद पाळण्याची गरज नाही. मराठीला आहे. आचार्यांना आणि आचाऱ्यांना आपण एका पंक्तीला बसवत नाही. हा भेद संगणकशास्त्राच्या पदवीधराला माहीत नसेल तर त्याचा दोष नाही. तो ज्यांना माहीत आहे ते आपण त्या खोलीत नव्हतो, हा दोष आहे.

आमचे मुख्य म्हणणे येथेच आहे. सनचा कळफलक वाचला तो मजबूत होता म्हणून नव्हे. त्याच्या बोलण्याचा करार लिहून ठेवलेला होता, आणि लिनक्ससारख्या प्रणालींत त्याचा चालक उघड्यावर आहे, कोणालाही वाचता येतो, म्हणून तो वाचला. आमच्या ओव्या हरवू लागल्या त्या जुन्या झाल्या म्हणून नव्हेत. त्यांचा करार एका विक्रेत्याच्या कपाटात बंद होता. २००३ची शब्दसूची याला पुरावा आहे. ती रोमनमध्ये होती. त्या वेळच्या लॅटिन-१ या संकेतावलीत दीर्घ स्वरासाठी डोक्यावर आडवी रेघ असलेले अक्षर नव्हते, म्हणून आम्ही कम्पोज कळेने टोपीचे अक्षर काढत असू. फाइलीच्या पहिल्या ओळीत प्रमुखांनी लिहायला लावले होते, ‘टोपी म्हणजे दीर्घ’. त्या एका ओळीमुळे ती सूची आजही वाचता येते आणि पुढेही येईल.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की हे काम तंत्रज्ञांचे आहे, मराठीच्या प्राध्यापकांचे नव्हे. आम्हांला हे मान्य नाही. लेखनिकाच्या सवयी, लिपीचे वळण, पाठभेद, प्रक्षेप यांचा अभ्यास ही आपल्या विद्याशाखेची जुनी मिरासदारी आहे. मोडीतला कागद वाचायला शिकणारा विद्यार्थी जे करतो तेच हे काम आहे. कागदाऐवजी फाइल आहे इतकेच. उद्या १९९०च्या दशकातल्या एखाद्या लेखकाच्या फायली संपादनासाठी कोणाच्या हाती आल्या, तर पाठचिकित्सेची पहिली पायरी फॉन्टचा तक्ता हीच असेल. ती चढता येत नसेल तर पुढची सगळी चिकित्सा हवेत राहील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळेच जतन करावे काय? विस्मरण हाही संस्कृतीचा एक धर्म नव्हे काय? आहे. परंतु विसरणे हा निर्णय असावा, अपघात नसावा. कोणत्या ओव्या टाकून द्यायच्या हे वाचून ठरवता येते. न वाचताच गेल्या तर त्याला निवड म्हणता येत नाही. आमच्याही तक्त्यात भोके आहेत. छापील अंकात न आलेली काही चिन्हे फायलींत आहेत. त्यांच्यासमोर आम्ही प्रश्नचिन्ह ठेवले आहे आणि अंदाजाने शब्द भरलेले नाहीत. एका ओवीत लेकीला निरोप देताना आई काय म्हणते, तो नेमका शब्द त्या प्रश्नचिन्हाखाली आहे. कदाचित तो कधीच कळणार नाही. तेथे सोयीचा शब्द घालण्याचा मोह आम्हांला झाला, हेही सांगून टाकतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मराठी विभागाने आपल्या जुन्या फायलींची यादी करावी, त्या कोणत्या फॉन्टमध्ये आहेत ते लिहावे, आणि त्याच मजकुराचा छापील पुरावा असेल तर तो शेजारी ठेवावा. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या चकतीत काय आहे हे विभागातल्या एका तरी माणसाने पाहावे. टंकलेखन केलेल्या व्यक्ती अजून भेटू शकतात. आमच्या अंकाचे टंकलेखन करणाऱ्या बाईंना आम्ही गाठले, तेव्हा त्यांनी तक्त्यातली सहा चिन्हे डोळे मिटून, मेजावर बोटे हलवून सांगितली. क्रमांक त्यांना ठाऊक नव्हते. बोटांना जागा ठाऊक होत्या. एम.ए.च्या एखाद्या विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी हा विषय द्यावा. तक्ता तयार झाला की तो कुलपात ठेवू नये.

कळफलक आता विभागात आहे. त्याच्यावर ओव्यांचे मुद्रितशोधन चालते. कट, कॉपी, पेस्ट या कळांचा त्यात बराच उपयोग होतो. पाठीवरच्या चिठ्ठीखाली आम्ही आणखी एक चिठ्ठी लावली आहे. त्याच्या तारांचा क्रम, बोलण्याची गती आणि मौनाची पातळी तिच्यावर लिहिली आहे. आमच्यानंतर तो ज्याच्या हाती जाईल, त्याच्या चार संध्याकाळी वाचाव्यात.